जागे आहात ना?

ग्रंथपालबाईंकडे पोर्टलचा कारभार आला तो त्यांना संगणकातलं काही कळतं म्हणून नव्हे. महाविद्यालयात त्या वेळी एकच टेबल बिनकामाचं होतं, आणि ते त्यांचं होतं. वाचनालयातले वाचक हळूहळू आटले, मागोमाग कपाटं आटली, आणि एका सकाळी दारावर 'डिजिटल अध्ययन केंद्र' अशी पाटी लागली. आत जुन्यापैकी बाई तेवढ्या उरल्या. प्राचार्य म्हणाले, "इतकी वर्षं पुस्तकं सांभाळलीत, आता हे सांभाळा. हे तर फाटतही नाही."

हे, म्हणजे विद्यार्थ्यांनी घरबसल्या धडे वाचायचे, चाचण्या द्यायच्या आणि हजेरी लावायची ते संकेतस्थळ. ते विकणाऱ्या कंपनीचा माणूस आला आणि एका दुपारात सगळं शिकवून गेला. त्यातला निम्मा वेळ त्याला पासवर्ड आठवण्यात गेला आणि उरलेला चहात. बाईंच्या हाती राहिलं ते सेटिंगचं पान. वरपासून खालपर्यंत बटणंच बटणं, आणि प्रत्येकाशेजारी एक प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्हावर बोट ठेवलं की खुलासा येई. 'सत्राची स्वयंसमाप्ती' म्हणजे काय, तर सत्र स्वतःहून समाप्त होणे. बाईंनी जन्मभर शब्दकोश हाताळले होते, पण इतका प्रामाणिक शब्दकोश त्यांच्या पाहण्यात नव्हता.

प्राचार्यांना सेटिंगमध्ये फार रस होता, पण तो लोगोपुरता. आधी निळा रंग गंभीर वाटेना. मग तो इतका गंभीर झाला की काळा दिसू लागला. तो प्रश्न मिटतो न मिटतो तोच ते म्हणाले, "लोगो वर आहे ते ठीक. पण माणूस वाचत वाचत खाली गेला, की तो कुठल्या संस्थेत आहे हे त्याला कळणार कसं?" म्हणून लोगोची पट्टी पानाच्या तळाशीही लागली. ती लहान वाटली, म्हणून मोठी केली. प्राचार्य आपल्या खोलीतल्या भल्यामोठ्या पडद्यावर ती न्याहाळत आणि समाधानानं मान डोलवत.

मग त्यांना नवी चिंता लागली. "मुलं पोर्टल उघडून ठेवतात आणि झोपतात, बाई. हजेरी लागते आणि हे घोरतात."

ही चिंता मात्र बाईंच्या घरची होती. वाचनालयात दुपारी पंख्याखाली एकेक डोकं पुस्तकावर कलंडू लागे, तेव्हा त्या नजर वर न करता पेन्सिलीचं मागचं टोक टेबलावर वाजवत. डोकी ताठ होत. कुणाचा अपमान नाही, कुणाला शिक्षा नाही. बटणांच्या त्या जंगलात नेमकं त्या पेन्सिलीचंच काम करणारं एक बटण त्यांना सापडलं. पान बराच वेळ हललं नाही तर वाचकाला हाक मारायची. हाकेचे शब्दही आपल्या पसंतीचे घालता येत होते. बाईंनी लिहिलं, 'जागे आहात ना?' खाली छोटं बटण, 'हो'. ते दाबलं नाही, तर ती बैठक हजेरीतून रद्द.

प्राचार्य इतके खूश झाले की त्यांनी लगोलग नियमच केला. हजेरी पाऊण भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही. वर म्हणाले, "आणि याला कुलूप घाला. नाहीतर प्रत्येकाचा मामा येईल माझ्याकडे." कुलपाचंही सेटिंग होतं. पोर्टलनं विचारलं, 'हे वर्षभर बदलता येणार नाही. पुढे जायचं?' बाईंनी 'हो' दाबलं. त्या दिवशी त्या घरी गेल्या तेव्हा कित्येक दिवसांनी आपल्याला काही काम आहे असं त्यांना वाटत होतं.

घरी त्या वहिनी होत्या, आणि त्यांच्या नणंदेला चाळिशी उलटली तरी सगळे छकुली म्हणत. छकुली एका रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुवायची. तिथल्या डॉक्टरबाईंनी तिला शब्द दिला होता. यंदा तंत्रज्ञाची परीक्षा पास हो, नळ्या धुण्यातून सूट, आत यंत्रावर बसायचं. छकुलीनं वहिनींच्याच महाविद्यालयात नाव घातलं आणि ती मोबाइलवर अभ्यासाला लागली.

तिची वाचण्याची तऱ्हा अशी की एका ओळीखाली बोट धरायचं, ओठ हलवत ती पुरी करायची, मग मोबाइल ओट्यावर ठेवून डोळे मिटायचे आणि सगळं मनातल्या मनात म्हणायचं. पटलं तरच पुढची ओळ. एक पान तिला जेवणापर्यंत पुरे. जेवताना ती भावाच्या पानात वाढता वाढता पांढऱ्या पेशींचे प्रकार सांगे, आणि भाऊ म्हणे, "आधी भात वाढ, पेशी नंतर."

परीक्षेला कोण पात्र आणि कोण नाही याची यादी पोर्टलनं आपणहून लावली, त्या संध्याकाळी छकुली हसतच स्वयंपाकघरात आली.

"वहिनी, तुझं पोर्टल चक्रम आहे गं. माझं नाव लाल केलंय. हजेरी एक आकडी म्हणे! मी वाचायची थांबले कधी?"

"बघू." वहिनींनी मोबाइल हातात घेतला. "बटण दाबत होतीस ना?"

"कसलं बटण?"

"मधे विचारतं ना, जागे आहात ना म्हणून?"

"अय्या, ते तू विचारत होतीस ना!" छकुलीचा चेहरा उजळला. "मी प्रत्येक वेळी म्हणायचे, हो गं वहिनी, जागी आहे. प्रयोगशाळेत सगळ्यांना सांगितलंय मी, ऑफिसात बसूनसुद्धा माझी काळजी करते म्हणून. मला अहोजाहो कशाला करतेस, तेवढं विचारायचं होतं."

वहिनींनी एक धडा उघडला आणि पान न हलवता दोघी बघत बसल्या. शेगडीवर आमटी उकळून खाली बसली, तेव्हा हाक आली. जागे आहात ना? त्याच्याखाली गंभीर निळ्या रंगात संस्थेचा लोगो. 'हो'चं बटण लोगोच्या बरोबर मागे होतं. एका कोपऱ्यातून त्याची काना-मात्रा तेवढी डोकावत होती.

"बटण कुठंय?" छकुलीनं विचारलं.

वहिनींनी लोगोच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सेटिंगचं पान उघडलं. कुलूप लावलेली बटणं करडी झाली होती. दाबली तर आत जात आणि लगेच बाहेर येत, दार उघडून ओळख न दाखवता परत लावून घेणाऱ्या शेजाऱ्यासारखी. कंपनीच्या मदतकक्षाला लिहिलं. उत्तर तत्काळ आलं, की आपला प्रश्न आम्हाला महत्त्वाचा आहे. त्यापाठोपाठ एक लांबलचक खुलासा आला. बाई तो ओळीओळीनं वाचू लागल्या. त्या मध्यावर असतानाच खिडकीत अक्षरं उमटली, 'आपण अजून तिथे आहात का?' बाई उत्तर कुठे द्यायचं ते शोधू लागल्या, तेवढ्यात 'समस्या सुटल्याबद्दल आभार' असं म्हणून खिडकी मिटली.

मग त्या प्राचार्यांकडे गेल्या.

"ती वाचत होती, सर. बटण लोगोखाली गेलंय. मोबाइलवर दिसतच नाही."

"पण मला तर दिसतं." प्राचार्यांनी पडद्याकडे बोट केलं. दिसत होतं खरं. "कोण आहे ही विद्यार्थिनी?"

"माझी नणंद."

"मग तर मुळीच नको. लोक काय म्हणतील? ग्रंथपालबाईंनी घरची हजेरी लावली!"

"बाकीच्यांचं काय मग? ते कसे पाऊण भरले?"

"ते बोट हलवत राहतात, बाई. पान हलतं, मग विचारायचा प्रश्नच येत नाही. हुशार आहेत पोरं." हे त्यांनी कौतुकानंच सांगितलं. "हे बघा, नियम मी केला असता तर मी मोडलाही असता. पण आता तो सिस्टिमचा आहे."

"सिस्टिमला आपणच सांगितलं, सर."

"म्हणून तर. आपणच सांगायचं आणि आपणच फिरवायचं, हे शोभतं का?"

"निदान खालची पट्टी तरी काढू. पुढच्यांना बटण दिसेल."

प्राचार्य खरोखर दुखावले. "सत्राच्या मधेच लोगो काढायचा? आणि संस्थेची ओळख?"

परीक्षा झाली. छकुली त्या दिवशी नळ्या धूत होती. पुढच्याच आठवड्यात डॉक्टरबाईंनी यंत्रावर दुसरं कुणी बसवलं. वाईट वाटून म्हणाल्या, "यंत्र काही तुझ्यासाठी थांबत नाही गं." छकुलीनं घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं आणि कणीक मळायला घेतली. वहिनींना तिनं एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. वहिनींनी तिचं नाव पुढच्या सत्रात घातलं, तेव्हा ती "घाल" इतकंच म्हणाली.

आता संध्याकाळी ती एका हातानं दूध ढवळते आणि दुसऱ्या हाताचं बोट मोबाइलवर वरखाली फिरवत राहते. नजर दुधावर. ओठ हलत नाहीत. जेवताना ती कुठल्याच पेशीबद्दल बोलत नाही. भावानं एकदा स्वतःहून विचारलं, "काय गं, पेशी संपल्या?" तर म्हणाली, "वाढू का अजून भात?"

वहिनी समोर बसून बघतात. एकदा त्या म्हणाल्या, "अगं, वाच ना जरा."

"वाचायला बोट थांबवावं लागतं, वहिनी. मग हजेरी?"

परवा तिच्या मोबाइलवर टिंग वाजलं. पोर्टल आपणहून महिन्याचा उत्तम वाचक निवडतं. ते सेटिंगही वहिनींनीच पूर्वी हौसेनं लावलेलं, मजकूरही त्यांचाच. छकुलीनं दुधाची शेगडी बंद केली, मोबाइल डोळ्यांजवळ धरला, ओळीखाली बोट ठेवलं आणि ओठ हलवत, एकेक शब्द थांबून वाचला, 'अभिनंदन. आपण मन लावून वाचता.' मग डोळे मिटून तिनं ते मनातल्या मनात म्हणून पाहिलं.

एवढ्यात पान हललं नाही म्हणून हाक आली.