ह्यांचा गुडघा आणि माझं व्रत

ह्यांच्या गुडघ्याच्या पहिल्या ऑपरेशनचे टाके पिकले, तेव्हा मी देवीला बोलले होते, "दुसऱ्यांदा निभावून ने, खणानारळानं ओटी भरीन." दुसरं ऑपरेशन झालं आणि मोठ्या डॉक्टरांनी सांगूनच टाकलं, "आता पुन्हा पू झाला तर बसवलेला सांधा काढावा लागेल." मग काय, नवस देवीवर सोपवला आणि मी खाटेशेजारी स्टूल टाकून बसले. दवाखान्यात बसून राहणाऱ्या बाईजवळ दोन गोष्टी आपोआप साठतात, रिकामे डबे आणि किस्से. डबे हुडकेश्वरला घरी आल्यावर घासून ठेवले. किस्से राहिलेत.

*

वॉर्डच्या दारात गणपतीची तसबीर होती आणि तिच्याच खाली सॅनिटायझरची बाटली. येणारा प्रत्येक जण वाकून हातानं चपला काढायचा, बाप्पाला हात जोडायचा आणि तेच हात घेऊन पेशंटकडे निघायचा!

आमच्या वॉर्डच्या इन्चार्ज मंदा सिस्टर एकदा वैतागून म्हणाल्या, "काकू, बाप्पाचा हार रोज बदलावा लागते. बाटली मात्र भरली तशीच!"

*

माझ्या नणंदबाई, वन्स, कन्हानहून भावाला बघायला आल्या. त्यांचं सोवळं फार कडक. दवाखान्यातलं पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत. "कोनाचा हात लागला असंल, काय सांगावं!" असं म्हणतच त्यांनी ह्यांची चादर वर केली आणि बसचा दांडा धरून आलेलं बोट थेट पट्टीवर ठेवलं.

"इथं दुखून राहिलं का गा?"

सिस्टर ओरडल्याच.

"काहून ओरडते वं? आंघोळ करून, पूजा करून आली मी!"

"आजी, पूजा झाल्यावर बसमध्ये बसल्या नं?"

वन्स हात धुवायला उठल्या. पण त्याआधी आपल्या बाटलीतल्या पाण्यानं त्यांनी नळच धुऊन घेतला!

*

ड्रेसिंगला येणारे मामा हातमोजे घालून यायचे. ते घालूनच मोबाइलवर बोलायचे, पडदा सरकवायचे, कान खाजवायचे. एकदा तसेच ह्यांच्या पट्टीकडे वळले.

"मामा, हात?"

"मोजे हाय नं ताई!"

"मोजे तुमच्या हाताला जपतात. ह्यांच्या गुडघ्याला कोण जपणार?"

मामांनी मुकाट्यानं मोजे काढले, हात धुतले, नवे मोजे घातले. तेवढ्यात हे माझ्या कानाशी म्हणाले, "अवं, जरा गोड बोल. पट्टी तेच ओढणार आहेत!"

*

एक दिवस तपासणीला मंडळी येणार होती. सकाळपासून प्रत्येक खाटेला बाटली, बेसिनवर नवा साबण! जो तो हात धुऊन राहिला होता. मंडळी खूश होऊन गेली.

दुपारी बाटल्या गोळा होऊन कपाटात गेल्या, वर कुलूप. मी विचारलं, "अहो, हे काय?"

वॉर्डबॉय म्हणाला, "ठेवल्या तर लोक वापरतेत नं काकू!"

*

शेजारच्या खाटेवर लीलाबाईंचे यजमान होते, कमरेचं हाड मोडून ऑपरेशन झालेले. लीलाबाईंचं घर बौद्ध, दीक्षा घेतलेलं. माझा सोमवार असला की त्या हसायच्या, "आमच्याकडं व्रतबित काही नाही बाई. वंदना म्हनतो अन् पोटभर जेवतो." पण माझ्यासाठी केळी मात्र न चुकता आणायच्या.

एका सकाळी मोठे डॉक्टर राउंडला आले. मागे शिकाऊ डॉक्टरांची रांग. दाराजवळच्या खाटेवरची वाहणारी जखम त्यांनी दाबून पाहिली आणि तसेच आमच्याकडे वळले. मी सिस्टरांकडे बघितलं. सिस्टरांनी मान खाली घातली. साहेबांना कोण सांगणार?

त्यांचा हात पट्टीजवळ आला. मी उठून मध्ये उभी राहिले आणि हात जोडले. खोटं बोलले नाही हो, हात जोडले त्याच क्षणी मनात संकल्प सोडला होता.

"डॉक्टरसाहेब, माझं व्रत आहे. ह्यांच्या जखमेला शिवणाऱ्यानं आधी हात धुवायचे. नाही तर व्रत मोडतं."

डॉक्टरांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

"मोडायला नको," ते म्हणाले आणि बेसिनकडे गेले. मागोमाग सगळी रांग!

हात पुसून त्यांनी आमचा गुडघा पाहिला. "कोरडा आहे," म्हणाले. माझ्या जिवात जीव आला. मग ते लीलाबाईंच्या यजमानांची पट्टी उचलायला वाकले, आणि माझ्या मागून आवाज आला,

"थांबा साहेब. माह्यंही तेच व्रत हाय!"

*

आता हे अंगणात काठीशिवाय फिरतात. देवीची ओटी भरून झाली. हे दुसरं व्रत मात्र मी सोडलेलं नाही. याला उपास नाही, कथा नाही, उद्यापन नाही. तुमचं माणूस दवाखान्यात असलं तर एवढं करा. जो कोणी त्याला हात लावायला येईल, त्याच्यासमोर हात जोडून उभं राहा. आपले आधी धुऊन.