केसांची पुढची रेघ

पेन्सिलीने माझ्या कपाळावर केसांची रेघ काढायची, दरवाजापर्यंत मागे जायचं, एक डोळा मिटून बघायचं आणि परत येऊन ती कापसाने पुसून टाकायची. आमचे डॉक्टर हे तासभर करत. "रेघ दिसली की मी नापास," म्हणायचे.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. कोपरीत, स्टेशनपासून जवळच, दोन खोल्यांत ते टकलावर केस लावत. त्या काळातले लावलेले केस तुम्हीही पाहिले असतील. बाहुलीच्या डोक्यावर असतात तसे झुबके. डॉक्टरांना त्याची चीड होती. ते डोक्याच्या मागून कातडीसकट केसांचे गोल काढत, त्यांचे बारीक तुकडे करत, आणि पुढच्या रांगेत एका जागी एकच केस लावत, तोही मुद्दाम थोडा वाकडा. "देव काय पट्टी घेऊन बसला होता?" असं विचारत.

मी तेव्हा मानपाड्याच्या एका कंपनीत होतो. माझं डोकं बघून दोन स्थळांनी नकार दिला होता. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत वडिलांना आणायला सांगितलं. "मुलाची रेघ बापावरून काढायची." बाबांना खुर्चीत बसवून त्यांनी भिंगातून त्यांचं कपाळ पाहिलं, तरुणपणीचा फोटो पाहिला.

बाबांनी हळूच विचारलं, "डॉक्टर, सुनेला सांगावं लागेल का?"

"काका, सूनच काय, न्हाव्यालासुद्धा कळणार नाही."

मला तेवढंच हवं होतं.

काम अप्रतिम झालं. लग्न ठरलं, मुलगी ठाकुर्लीची. डॉक्टर लग्नाला आले आणि आशीर्वाद द्यायच्या निमित्ताने माझ्या मुंडावळ्या सारून त्यांनी कपाळ तपासून घेतलं. हिला म्हणाले, "मी यांचा फॅमिली डॉक्टर." आम्ही दोघं हसलो. तीही हसली.

सहा वर्षांनी बाबा गेले. शेवटचे आठ महिने ते अंथरुणावर होते, आणि त्यांचं सगळं हिनेच केलं. दहाव्याला खाडीवर मी मुंडनाला बसलो. न्हाव्याचा वस्तरा मागे गेला आणि थांबला.

"साहेब, मागं हे देवीचे व्रण का?"

मसुराएवढे पांढरे गोल, ओळीने. माझे काका वाकून बघू लागले, मेव्हणाही. ते व्रण आहेत हे मलाही तोवर ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी पुढचं सगळं समजावलं होतं, मागचं एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

घरी आल्यावर हिला सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, "बाबांना माहीत होतं?"

"हो."

"म्हणजे घरात मलाच नव्हतं," ती म्हणाली, आणि तेराव्याची यादी करायला बसली.

तेरावं उरकून मी तडक कोपरीला गेलो. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता.

"तुम्ही मुंडन कराल हे मला कसं सुचणार?" डॉक्टर म्हणाले.

"माझ्या वडिलांना याच खुर्चीत बसवलं होतंत ना? ते कधीतरी जाणार, एवढं तरी सुचायला हवं होतं."

ते माझ्या मागे उभं राहून एकेका व्रणावर बोट फिरवत राहिले. "चुकलं माझं," म्हणाले. मग राहवेना म्हणून पुढे आले, दिवा जवळ ओढला. "पण पुढचे खुंट बघा हो. कसे अगदी खरे उगवतायत." त्या क्षणी मला त्यांची किळस आली, आणि कीवही. मी उठून आलो.

पुढे ते कोपरी सोडून गेले. कुठे, ते कुणालाच नीट सांगता आलं नाही. माझे केस दोन-तीन महिन्यांत वाढले आणि व्रण झाकले गेले. कुणालाही काही कळत नाही. फक्त मी घरी काही सांगितलं, अगदी 'आज यायला उशीर होईल' इतकंच, तरी ही आधी थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघते आणि मग "बरं" म्हणते.