सूपभर कोंड्याची पोर

पोस्टमनने सायकलची घंटी वाजवायचा अवकाश, भुवना ओसरीवरून जी सुटली ती थेट गल्लीच्या मध्यावर. पायात चप्पल नाही, एक वेणी घातलेली, दुसरीकडचे केस मोकळे. पाकीट तिने तिथेच उन्हात फाडलं, एकदा वाचलं, दोनदा वाचलं आणि ओरडतच परत फिरली, "अप्पा, मिळाली! कोईमतूरला! कंप्यूटर सायन्स! हॉस्टेलसकट!"

"अगं, धावू नकोस!" आतून आईचा आवाज आला.

आता बघा. सत्त्याण्णव साल ते. अख्ख्या तंजावरात पोरांना दुसरं काही सुचत नव्हतं. कंप्यूटर, कंप्यूटर आणि कंप्यूटर! कोपऱ्यावरच्या टायपिंगच्या क्लासने एक कंप्यूटर विकत आणून त्याला नव्या जावयासारखं एसीच्या खोलीत बसवलं होतं आणि पोरं काचेतून त्याचं दर्शन घेऊन जात होती. अशात आपल्या घरची मुलगी इंजिनिअरिंगला जागा मिळवते, तर आईच्या तोंडून पहिला शब्द काय निघावा? धावू नकोस! कपाळाला हात लावायचा की नाही?

पण आईचं, म्हणजे भामाबाईंचंही ऐकून घ्यायला हवं. भुवना सात वर्षांची असताना तिला रक्ताचा कॅन्सर झाला होता. घरात हा शब्द कोणी उच्चारत नसे, 'मद्रासच्या वेळी' एवढंच म्हणत. अडीच वर्षं मद्रासच्या इस्पितळाच्या खेपा. पाठीच्या कण्यात सुया, तोंडभर फोड, डोक्यावर एक केस नाही. त्या खोलीत सहा खाटा होत्या आणि सहांतली दोनच पोरं घरी परत गेली. बाकीच्या चार आयांना भामाबाईंनी रिकाम्या हातांनी जिना उतरताना पाहिलं होतं. ते डोळ्यांपुढून हलत नाही हो.

पुढे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, "ही आता इतर पोरांसारखीच. वर्षातून एकदा दाखवा. बाकी खेळू द्या, पळू द्या." भामाबाईंनी त्यातलं 'वर्षातून एकदा दाखवा' तेवढं ऐकलं. दर शुक्रवारी तेल लावून न्हायला घालताना पोरीच्या अंगावर कुठे त्या दुखण्याची खूण, निळा डाग, दिसतो का, ते त्या बोटाबोटाने तपासत. सतरा वर्षांच्या मुलीला, सांगा! सायकल नाही, खेळाचा तास नाही. तिरुवैयारु म्हणजे काय, हाकेच्या अंतरावर! तिथे शाळेची सहल गेली तर सगळा वर्ग गेला आणि भुवना घरात.

तिचा थोरला भाऊ विघ्नेश. त्या अडीच वर्षांत त्याला आजोळी, पापनाशमला ठेवलं होतं. अकराव्या वर्षी गेला, परत आला तेव्हा आवाज फुटला होता, आणि स्वतःच्या घरात "पाणी घेऊ का?" असं विचारायचा. त्याला कोणी मुद्दाम विसरलं नव्हतं. घरात जेवढा जीव होता तेवढा एकीकडेच लागला होता, दुसरं काय.

तर पत्र आलं. चार जुलैला हजर व्हायचं, आणि सोबतच्या फॉर्मवर आई आणि वडील दोघांचीही सही हवी. भामाबाईंनी फॉर्म उचलला, देवघरातल्या तबकाखाली ठेवला आणि म्हणाल्या, "हे व्हायचं नाही. इथल्याच कॉलेजात जा. बी.कॉम. कर."

"आई!"

"तिथे पाणी कोण उकळून देईल तुला? ताप आला तर कोणाला कळेल?"

"मी दोन-अडीच वर्षं पापनाशमला राहिलो," विघ्नेश जेवता जेवता म्हणाला. "मेलो नाही."

भामाबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने भाताचा घास तसाच ठेवला. अप्पा, म्हणजे सत्यनारायणराव, पाटबंधारे खात्यात होते. धरणाचं पाणी कुठल्या कालव्यात कधी सोडायचं ते त्यांना पाठ होतं, पण घरात शब्द कधी सोडायचा ते काही जमलं नाही बिचाऱ्यांना. ते पेपरात तोंड घालून बसले.

भुवना दोन दिवस रडली. खरं सांगायचं तर तिला नुसता कंप्यूटर नको होता. तिला असं एक गाव हवं होतं जिथे तिला पाहून कोणी "बिचारी, वाचली हो!" असं म्हणणार नाही, जिथे ती हजेरीतली एक भुवना असेल आणि बस्स. तिसऱ्या दिवशी दुपारी डोळे पुसता पुसता ती एकदम उठून बसली. अरेच्चा! सही आईची कशाला हवी? आपण आईच्या आहोतच कुठे?

त्याचं असं झालं होतं. मद्रासच्या वेळी एकदा भुवनाचं रक्त फार उतरलं, डॉक्टरांनी हात टेकले नाहीत एवढंच. तेव्हा घरातल्या थोरल्या बायका म्हणाल्या, पोर विकून टाका. म्हणजे खरंखुरं विकणं नव्हे. आपल्याकडे पूर्वापार करतात तसं. दुखणाईत पोर सूपभर कोंडा घेऊन दुसऱ्या बाईला द्यायचं. पोर तिचं झालं की काळ आपल्या दारी येतो, बघतो, या घरचं पोर नाही म्हणून परत जातो. लग्नाच्या वेळी पुन्हा कोंडा देऊन पोर परत घ्यायचं. मग गल्लीतल्या गोठ्याच्या दारात भामाबाईंनी पोर दिली आणि दूध घालणाऱ्या नागलक्ष्मीने सुपातून कोंडा दिला. पोर वाचली ती औषधाने. हे भामाबाईंनाही ठाऊक होतं. पण व्यवहार मोडायची छाती कोणाची होणार? तेव्हापासून आजतागायत त्यांनी चारचौघांत "माझी मुलगी" म्हटलं नव्हतं. कोणी विचारलं तर "नागलक्ष्मीची पोर, माझ्याकडे राहते."

नागलक्ष्मीला तीन मुलगे, मुलगी नाही. तिने हा व्यवहार अगदी मनावर घेतला होता. चाळीस वर्षं मराठी घरांत दूध घालून तिची मराठी आपल्यासारखीच झालेली, फक्त हेल तमिळ. दर पोंगलला ती भुवनाला परकर आणायची, हनुवटी धरून "माझी पोर" म्हणायची, आणि भामाबाई ओठ मिटून बघत राहायच्या.

भुवना गोठ्यात पोचली तेव्हा नागलक्ष्मी गाईला पेंड घालत होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिने हात धुतले.

"नागम्मा, मी तुझी पोर ना?"

"मग? कोण नाही म्हणतं?"

"मग तूच पाठव मला."

"तिथे दवाखाना आहे?" नागलक्ष्मीने विचारलं. आहे. "पोरी आहेत खोलीत, की एकटीच?" तिघी आहेत. "तुला भीती नाही वाटत?"

"वाटते," भुवना म्हणाली. "पण जायचंय."

नागलक्ष्मीने पदर खोचला. "चल."

एरवी ती मागच्या दाराने यायची. त्या दिवशी पुढच्या दाराने आली आणि ओसरीवर फतकल मारून बसली. "भामाम्मा, माझ्या पोरीचं बोलायला आलेय."

"कसलं बोलणं?"

"पोर कोणाची, ते आधी सांग."

भामाबाई ओसरीवरचा नसलेला कचरा वेचायला लागल्या. नागलक्ष्मी अप्पांकडे वळली. "सामी, तुम्ही सांगा."

सत्यनारायणरावांनी पेपराची घडी घातली. "व्यवहार झाला होता खरा," ते म्हणाले. एवढं धाडस त्यांनी कित्येक वर्षांत केलं नव्हतं. दारात उभ्या भुवनाला उडी मारावीशी वाटली.

"झालं तर! माझ्या पोरीला मी शिकायला पाठवतेय. चार तारखेला मीच घेऊन जाते."

"तू? तुला कोईमतूर कुठे आहे ते तरी ठाऊक आहे?"

"विचारत विचारत जाईन. तोंड दिलंय देवाने."

"आणि तिला ताप आला तर?"

"माझ्या पोरीला ताप आला तर मी बघेन."

"काय बघशील?" भामाबाईंचा आवाज चढला. "तिच्या डाव्या हाताला शीर सापडत नाही, सुई उजव्यालाच द्यावी लागते, ठाऊक आहे तुला? गोळी गुळाशिवाय उतरत नाही, ठाऊक आहे?"

"कळेल हळूहळू. माझीच आहे ना."

या 'माझी'ने भामाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या तरातरा आत गेल्या. कोठीत पापनाशमहून आलेल्या कोंड्याची गोणी होती. त्यांनी सूप भरलं आणि तशाच बाहेर आल्या. "नको मला तुझे उपकार! हा घे कोंडा. आत्ताच्या आत्ता परत घेते मी तिला. मग बघू कोण पाठवतं!"

भुवनाच्या तोंडचं पाणी पळालं. हा तर उलटाच डाव झाला!

पण भामाबाई उंबऱ्यावर येऊन थबकल्या. पुढे पाऊल उचलेना. सूप कललं, कोंडा पायांवर सांडायला लागला. का थांबल्या ते सगळ्यांना कळलं. आता हा कोंडा दिला की पोर आपली. आपली, म्हणजे काळाच्या नजरेपुढे पुन्हा उघड्यावर. आईचा तो चेहरा पाहून भुवना आपला डावच विसरली. आजारपण आपल्या अंगात अडीच वर्षं होतं आणि हिच्या अंगात अजून आहे, हे तिला पहिल्यांदा दिसलं.

ती जवळ गेली. "आई, मलाही भीती वाटते गं. निळा डाग दिसला की रात्रभर दाबून दाबून बघत बसते मी. तुला सांगत नाही. पण घाबरून घरात बसले काय आणि कोईमतूरला बसले काय, भीती तेवढीच. दे तो कोंडा तिला. मला घे परत."

भामाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मुलगी आपल्यापेक्षा चार बोटं उंच झाली आहे, हे काय आजच दिसलं त्यांना? त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि सूप नागलक्ष्मीच्या पदरात उपडं केलं.

"घे! माझी आहे ती! ऐकलं का सगळ्यांनी? माझी भुवना! माझी मुलगी!"

समोरच्या घराची खिडकी उघडली. गल्लीतून एक मोपेड फटफटत गेली. बाकी काही झालं नाही. ऊन होतं तिथेच होतं.

"बरं, तुझी," नागलक्ष्मी हलकेच म्हणाली. पदरातला कोंडा तिने दोन्ही हातांनी गोळा केला होता आणि तिचे डोळे भरले होते. "दहा वर्षं मलाही एक पोर होती. जाऊ दे. तरी पाठवायला हवं होतं गं तिला. मी नेली असती."

"तू कोण नेणारी?" भामाबाई कडाडल्या. "माझ्या पोरीला मी पाठवीन! मी नेईन! आई जिवंत आहे तिची!"

विघ्नेश जो खो खो हसत सुटला तो ओसरीवर बसलाच. अप्पाही हसायला लागले. आपण काय बोलून बसलो ते भामाबाईंना तेव्हा कळलं आणि त्या मटकन खाली बसल्या. पण शब्द मागे घेतला नाही. घेतील कशा? सगळ्या गल्लीने ऐकला होता.

भुवना आत पळाली. धावू नकोस म्हणायचंही कोणाला सुचलं नाही. तबकाखालचा फॉर्म आणून तिने आईच्या मांडीवर ठेवला, 'आईची सही' लिहिलं होतं तिथे बोट ठेवलं. इतकी वर्षं शाळेचा प्रत्येक कागद अप्पांच्या सहीने जायचा. भामाबाईंनी पेन धरलं आणि हळूहळू, अक्षर अक्षर लावून आपलं नाव लिहिलं.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं!" भुवनाने त्यांना अशी मिठी मारली की पेन उडून ओसरीखाली गेलं.

नागलक्ष्मी पदर सावरत उठली, निघाली. भामाबाईंनी तिचा हात धरला.

"चार तारखेला तूही चल बाई."

"मी? आता मी कशाला?"

"जाताना पोर असेल माझ्याबरोबर," भामाबाई म्हणाल्या. "येताना मी एकटी कशी येऊ?"

नागलक्ष्मी त्यांच्या शेजारी टेकली. "गाईंचं दूध कोण काढेल त्या दिवशी?" तिने डोळे पुसत विचारलं.

"मी काढेन," विघ्नेश म्हणाला. "पापनाशमला शिकलोय."