पाचवा रविवार

हे लिहायला मी फारशी लायक नाही. माझे वडील छापखान्यात बुवाबाजीविरुद्धची पत्रकं छापायचे आणि त्या ओल्या शाईच्या वासातच मी वाचायला शिकले. ते गेल्यावर पत्रकं मी लिहू लागले. देवापुढे मान वाकवायची नाही, हे मी दहाव्या वर्षीच ठरवून टाकलं होतं. आई मात्र जोतिबाची. घरात आमचं दोघींचं भांडण रोजचंच, पण गेल्या चैत्रात त्या भांडणातला जोर संपला.

आईनं पाच रविवार अनवाणी डोंगर चढायचा नवस बोलला होता. कशासाठी, ते सांगितलं नाही. तिला बारा वर्षं साखरेचा आजार. चौथ्या रविवारी ती घरी आली तेव्हा तापलेल्या फरशीनं तळवा भाजून फोड आला होता आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. "दुखत न्हाय गं, देवाची किरपा," असं म्हणून तिनं त्याला हळद लावली. मी देवावर एक मोठं व्याख्यान दिलं आणि कामाला निघून गेले. तळवा काही पाहिला नाही. आठवड्याभरात करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलं, घरभर कुजका वास सुटला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी शनिवारी सांगितलं, "सोमवारी गुडघ्याखालून काढावा लागेल. उशीर केलात तर जिवावर बेतेल." मी सही करून मोकळी झाले. आई तिथल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

रविवारी पहाटे ती म्हणाली, "माझा पाचवा रविवार ऱ्हायलाय. तू जा. अनवाणी."

"त्यानंच तुझा पाय नेला, आणि मी त्याच्या दारात जाऊ?"

"भांडायला का हुईना, पर जा की."

मी गेले ती भांडायलाच. ऊन चढलं होतं. दुसऱ्याच पायरीवर माझे तळवे असे पोळले की मी उड्या मारत बाजूच्या सावलीत पळाले आणि तिथंच रडू कोसळलं. एवढ्या आगीवरून आई चार रविवार सावकाश, हात जोडून चालली होती. साखरेनं तिचे पाय बधिर झाले होते, तिला काहीच कळलं नव्हतं. न दुखणं हाच तिचा आजार होता, आणि आम्ही दोघींनी त्याला कृपा किंवा अंधश्रद्धा एवढीच दोन नावं देऊन ठेवली होती.

ती सावली गुलाल-खोबऱ्याच्या एका दुकानाची होती. गादीवरच्या म्हाताऱ्यानं हाक मारली, "पावणं, पाणी घ्या. पोळलं न्हवं? बरं झालं. ज्याला पोळतंय त्यो वाचतोय." त्याच्या पायात विचित्र बूट होते, रुंद आणि मऊ. मी बघते आहे हे पाहून त्यानं एक बूट काढला. आत तीनच बोटं होती.

मी त्याला सगळं सांगितलं. का, ते अजून कळत नाही. परक्या माणसापाशी मी कधी बोलत नाही.

"कापायचं कुणी ठरवलं? एकल्यानं?"

"हो."

"माझा पाय पाच जणांनी बघितला. साखरंचा डॉक्टर, कापणारा, नसा बघणारा, मलमपट्टीवाली सिस्टर आन् ह्ये बूट शिवणारा. एका खोलीत बसून भांडत्यात, मग ठरवत्यात. पाचांतल्या एकाला जरी वाटलं पाय ऱ्हाईल, तर आदी त्यो मार्ग धरत्यात." मग माझ्याकडे नीट बघून त्यानं विचारलं, "करतासा काय तुमी?"

"पत्रकं लिहिते."

तो हसला. "ती व्हय! गुलाल बांधायला लई बरी पडत्यात. एवढं लिवलासा, पर पायाचं पत्रक का न्हाय लिवलं?"

 त्यानं त्या मलमपट्टीवाल्या सिस्टरला फोन लावून माझ्या हातात दिला. ती म्हणाली, "काळं पडलंय? ताप आहे? आजच आणा. उद्यावर टाकू नका." मी वर देवळात गेलेच नाही. आईचा पाचवा रविवार दुसऱ्या पायरीवरच संपला. संध्याकाळपर्यंत मी तिला पहिल्या दवाखान्यातून काढून त्या पाच जणांकडे नेलं.

पुढचे दोन महिने फार वाईट गेले. पायाकडे जाणारी नस बंद होती, ती आतून फुगा घालून उघडली. इन्सुलिन बदललं. कुजलेलं मांस पुन्हा पुन्हा खरवडून काढलं. दोन बोटं गेली. पाय राहील की नाही हे कुणी ठामपणे सांगत नव्हतं. शेजारच्या खाटेवर कुरुंदवाडचे एक काका होते, त्यांना आणायला उशीर झाला होता. त्यांचा पाय त्याच पाच जणांनी कापला आणि त्या दिवशी सिस्टरनं जेवणाचा डबाही उघडला नाही. तेव्हापासून मी चमत्कार हा शब्द वापरत नाही. काकांनीही देवाला हाक मारलीच होती.

आईचा पाय राहिला. त्याला जाणीव मात्र परत आली नाही, येणारही नाही. डोंगर अनवाणी चढणं आता कायमचं बंद. कधीकधी ती दारात बसून डोंगराकडे बघते आणि डोळे पुसते. तेव्हा मी व्याख्यान देत नाही.

सिस्टरनं मला एक काम लावून दिलं आहे. रोज सकाळी जमिनीवर बसायचं, आईचा पाय मांडीवर घ्यायचा, बोटांच्या बेचक्यांत बघायचं, तळव्यावरून हात फिरवायचा, बुटात खडा नाही ना ते पाहायचं. परवा तसाच पाय बघत असताना मी विचारलं, "आई, नवस कशाचा होता गं?"

तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "तुझाच. तुझी मान कुणापुढं तरी वाकू दे म्हणून."

माझी मान तेव्हा खालीच होती. मी वर पाहिलं नाही. दुकानातल्या त्या हाकेमागे कोण होतं, मला ठाऊक नाही, आणि ते ठरवण्याचा हट्टही आता राहिलेला नाही. ज्यांनी ज्यांनी हा पाय हातात धरला, त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. दोन बोटांच्या रिकाम्या जागी मी कपाळ टेकवलं. मग टाच उचलून पाहिली, कारण ती पाहायची राहिली होती.