नावाड्याचा खोकला

इसोबे मित्सुओ यांनी आजवर जितक्या माणसांना आवाज दिला, तितकी माणसं एखाद्या बेताच्या गावात राहत नसतील. फक्त त्यातल्या एकालाही नाव नव्हतं. दुसरा गावकरी, जखमी शिपाई, गर्दीतला दारुडा. एकदा तर एक विहीर. विहिरीला दोन वाक्यं होती. तोशिए, म्हणजे त्यांची बायको, अजूनही तीच त्यांची सर्वांत मोठी भूमिका मानायची. निदान तिच्यात खोली होती, असं तिचं म्हणणं.

मग नावाडी आला. बेटाबेटांवर फिरून फुटक्या घंटा दुरुस्त करणाऱ्या एका मुलीची ती अ‍ॅनिमे मालिका. तिला होडीतून पलीकडे सोडणारा म्हातारा म्हणजे इसोबे. दर भागात तो म्हणायचा, "चढ. मधे बस," आणि खोकायचा. संपलं काम.

खोकला मूळ संहितेत नव्हता. रेकॉर्डिंगच्या खोलीत पोटात कावळे ओरडले तरी माईकला ऐकू येतं. म्हणून आवाजाची कामं करणारी माणसं न सळसळणारे कपडे घालतात आणि उपाशीपोटी माईकपुढे उभी राहत नाहीत. पहिल्या भागाच्या दिवशी इसोबेंना उशीर झाला होता. दारातच त्यांनी सेनबे, म्हणजे तांदळाची एक कडक चकती, तोंडात कोंबली. तिचा कण "मधे बस" म्हणताना घशात गेला. ते माफी मागणार तोच काचेपलीकडून दिग्दर्शक ओनोदेरा ओरडले, "वा! ठेवा तो!" पुढच्या भागापासून संहितेत कंसात छापून येऊ लागलं : खोकतो. इसोबे तो चोख द्यायचे. बिनचकतीचा.

दोन सीझन असे पार पडले. तिसऱ्याच्या वेळी कर्त्याधर्त्यांच्या लक्षात आलं, की मुलीचं जे काही सांगण्यासारखं होतं ते सांगून झालंय. मग आजूबाजूच्यांना भूतकाळ वाटून द्यायला सुरुवात झाली. खानावळवालीला हरवलेली मुलगी मिळाली. बंदरावरच्या बोकडालासुद्धा खडतर बालपण मिळालं. आणि सहावा भाग अख्खा नावाड्याचा निघाला. त्याला तेत्सुजी हे नाव मिळालं, तरुणपणी गंधकाच्या खाणीत केलेली मजुरी मिळाली आणि त्याच खाणीच्या धुळीनं खोकून खोकून गेलेला धाकटा भाऊ मिळाला.

संहिता वाचून इसोबे स्वयंपाकघराकडे पाठ करून बराच वेळ बसून राहिले. तेवढ्यात त्यांना कामं मिळवून देणाऱ्या एजन्सीच्या कुरोसेबाईंचा फोन आला.

"इसोबेसान, अभिनंदन. भूमिका मोठी झाली."

"आभारी आहे."

"म्हणून निर्मात्यांना मोठा आवाज हवाय. ऑडिशन ठेवलीय. तुम्हीही या म्हणाले."

"माझ्याच भूमिकेची?"

"तुमची होती तेव्हा ती लहान होती हो," कुरोसेबाई म्हणाल्या. त्यात दुष्टपणा नव्हता. त्या नेहमी अशाच बोलायच्या.

तोशिए मुळा शिजवत होती. सगळं ऐकून तिनं गॅस बारीक केला. "विहिरीच्या वेळी नाही कुणी ऑडिशन मागितली."

"विहिरीला भूतकाळ नव्हता."

"हे बघा, तिथे कुणीतरी विचारणारच, तो खोकला तुम्हाला सुचला कसा. चकतीचं नाव काढू नका. वडिलांना दमा होता म्हणा."

"अगं, बाबा ऐंशीच्या पुढेही समुद्रात पोहत होते."

"मग माझ्या बाबांना होता म्हणा. ते आता कुठे तक्रार करणारेत?" तिनं मुळ्यात सुरी टोचून पाहिली. "अहो, हसताय काय? तो म्हातारा हातचा जायला नकोय मला. तुम्ही घरात त्याच्यासारखे बोलायला लागल्यापासून निदान कमी बोलता."

ऑडिशनच्या दिवशी ते बाहेरच्या बाकावर बसले. आत ज्याची पाळी होती त्याचा आवाज अख्खा देश ओळखायचा. इन्शुरन्सच्या जाहिरातीतसुद्धा तोच लोकांना मरणाबद्दल धीर द्यायचा. कुणी तरी दार अर्धवट उघडं ठेवलं होतं. इसोबेंनी त्याचा खोकला ऐकला आणि त्यांना मान्यच करावं लागलं, की तो त्यांच्यापेक्षा सरस होता. ओलसर, खोल, तीन मजले चढून आल्यासारखा. बाहेर येताना त्या गृहस्थानं कंबरेत वाकून नमस्कार केला. "तुमचाच ऐकून शिकलोय," तो म्हणाला. मनापासून म्हणाला, हेच वाईट होतं.

आत काचेपलीकडे ओनोदेरांच्या शेजारी लेखिका बसली होती. हागिवारा मिनोरी तिचं नाव. वय इसोबेंची मुलगी शोभेल एवढं. ती माईकवर वाकली.

"इसोबेसान, आधी एक विचारू? पहिल्या भागात तुम्ही खोकलात, तेव्हा मनात काय होतं? मी त्या एका खोकल्यावरून हा माणूस लिहिला."

इसोबेंना सासऱ्यांचा दमा आठवला. तो तयार होता, वापरायचाच काय तो बाकी होता. पण ती पोरगी पेन्सिल धरून इतक्या आशेनं बघत होती, की तिच्या माथी सासरा मारणं त्यांच्या जिवावर आलं.

"चकती," ते म्हणाले.

"कसली चकती?"

"तांदळाची. सोया सॉस लावलेली. घशात अडकली होती."

ओनोदेरा छताकडे बघू लागले.

"म्हणजे... खाण वगैरे?" हागिवारानं विचारलं.

"चकती."

"आणि धाकटा भाऊ?"

"तो खरा आहे," इसोबे घाईनं म्हणाले. "म्हणजे तुम्ही लिहिलाय तो. वाचताना मला... बायकोकडे पाठ करून बसावं लागलं."

हागिवारा आधी लाल झाली, मग तिला असं हसू फुटलं की ओनोदेरांनी तिच्यापुढचा माईक बंद केला. थोड्या वेळानं तो पुन्हा सुरू झाला. "वाचा," ती म्हणाली.

प्रसंग होडीतला होता. मुलगी विचारते, तुम्ही एकटेच का? नावाडी भावाबद्दल सांगतो. "योसाकु नाव त्याचं," इसोबे म्हणाले. इथे कंस होता : खोकतो. इसोबेंचा श्वास वर आला आणि तिथेच राहिला. मग त्यांनी तो श्वास गिळला आणि हळू आवाजात पुढचं वाक्य घेतलं, "होडीत कायम मधे बसायचा, पोहता येत नव्हतं त्याला. म्हणून म्हणतो, मधे बस."

"खोकला राहिला, इसोबेसान," ओनोदेरा म्हणाले.

"हो. माफ करा." इसोबे ओशाळले. "त्याचं नाव घेतलं आणि लगेच खोकायची लाज वाटली. परत घेऊ?"

ओनोदेरांनी हागिवाराकडे बघितलं. तिनं आपल्या प्रतीतल्या त्या कंसावर काट मारली.

निकाल कुरोसेबाईंनी दुसऱ्या दिवशी कळवला. नावाडी त्यांचाच राहिला. त्या मोठ्या आवाजाला खाणीवरचा मुकादम दिलाय. त्याला नाव नाही, पण ओरडायला भरपूर आहे.

"मरतो का शेवटी?" तोशिएनं पहिला प्रश्न विचारला.

"कोण?"

"तुमचा तेत्सुजी. या मालिकांमध्ये भूतकाळ मिळाला की दोन भागांत तिरडी बांधतात. खानावळवालीचं बघितलं ना?"

"अजून तरी वल्हवतोय."

"मग पाठ करा नीट." तिनं हात पुसले, संहिता ओढून घेतली आणि त्यांच्यासमोर बसून मुलीचे संवाद वाचायला लागली. घंटा दुरुस्त करणारी ती नाजूक मुलगी तोशिएच्या तोंडी मासेवाल्याशी भांडायला निघाल्यासारखी वाटत होती. इसोबेंनी डोळे मिटले आणि उत्तरं दिली.

"योसाकु नाव त्याचं," ते म्हणाले आणि थांबले.

तोशिएही थांबली. तिनं संहिता खाली ठेवली, त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि झटकन उठून पाण्याचा पेला त्यांच्यापुढे धरला.

"काय अडकलं हो? प्या आधी."

इसोबे पाणी प्यायले आणि पुढच्या वाक्याकडे वळले.