शनी अमावस्येचे चणे

उज्जैनमध्ये काळी घोडी पाळणं म्हणजे आ बैल मुझे मार. शनिवार उजाडला की फाटकाशी कोणीतरी उभं. "दीदी, नाल मिलेगी? घिसी हुई भी चलेगी." कुणाला साडेसाती, कुणाची कोर्टकचेरी, कुणाचं लग्न अडलेलं. मी म्हणायची, "घोडीच्या पायातच आहे, काढून घ्या. लाथ बसली तर मला सांगायला येऊ नका." दादा माझ्याहून गोड. तो चहा विचारून, हात जोडून त्यांना वाटेला लावायचा आणि फाटक बंद करून आम्ही दोघं पोट धरून हसायचो. हे आधीच सांगून ठेवते, कारण माझा भाऊ भोळा नव्हता आणि अडाणी तर मुळीच नव्हता.

आमचे पूर्वज दरबारी पागेवर होते. दरबार गेला, पागा गेली, दादा सरकारी नोकरीत लागला, मी शाळेत गणित शिकवते, पण घोड्याचा किडा काही घराण्यातून गेला नाही. भैरवगढच्या रस्त्याला वडिलांची थोडी जमीन आहे, शेजारी ठशांनी कापड छापणाऱ्या छापखानेवाल्यांची कापडं वाळत असतात, तिथे पत्र्याखाली ही एकच घोडी. आमच्या घरची रीत अशी की घोड्याला चंदी, म्हणजे त्याचा दाणा, आधी मूठभर तळहातावर द्यायची आणि मगच तोबरा तोंडाला बांधायचा. त्यामुळे आमच्या घोडीचा पक्का समज की उघड्या तळहातावर जे येतं ते आपलंच. कुणाचाही हात असो, ती नाही म्हणत नाही.

आणि लहानपणी मला घोड्याचं पहिलं शास्त्र शिकवलं ते दादानेच. "कुत्रं जास्त खातं, ओकतं, मोकळं होतं. घोड्याला देवाने ती सोय ठेवलेली नाही. आत गेलं ते गेलं. दाणा जास्त झाला तर आधी पोट जातं, मग पाय जातात." दाण्याच्या कोठीला कडी लावली का, हे तो मला दहादा विचारायचा. मी चिडायची.

त्या शनी अमावस्येला मी इंदूरला एका बारशाला गेले होते. घोडी दादाच्या हवाली. दुपारी परत आले, तर येताना रस्ते अमावस्येच्या नदीस्नानाच्या गर्दीने तुंबलेले, रिक्षा मिळेना, कशीबशी पोचले. घोडी कोपऱ्यात उभी. गवताला तोंड लावलेलं नाही. अंगाला घाम, पुढच्या पायाने जमीन उकरतेय आणि मान वळवून स्वतःच्याच पोटाकडे बघतेय.

"दादा, काय खाल्लं हिने?"

"नेहमीचंच. सकाळी चंदी, मग गवत."

"कोठीची कडी?"

"लावलेली आहे बघ." खरंच लावलेली होती.

डॉक्टरांना फोन केला. तेही गर्दीत अडकलेले. त्यांनीही पहिला प्रश्न तोच विचारला, "दाना तो ज़्यादा नहीं खाया?" मी फोन दादाच्या कानाला लावला. माझ्यासमोर, घोडीच्या मानेवर हात ठेवून तो म्हणाला, "नहीं डॉक्टर साहब, रोज़ जितना." डॉक्टर म्हणाले, मग गॅस असेल, मी येईपर्यंत टहलाते रहिए, लेटने मत देना.

मी टहलवलं. लगाम धरून त्या डांबरी रस्त्यावर इकडून तिकडे, तिकडून इकडे. घोडी पाऊल टाकायला मागत नव्हती आणि मी "चल गं राणी, चल" करत तिला ओढत होते. दादा मागून यायचा. मी दमले की लगाम तो घ्यायचा. मूग गिळून चालत होता.

दिवस कलताना डॉक्टर आले. त्यांनी घोडीच्या नाकातून नळी पोटात घातली, पाणी सोडलं आणि नळीचं टोक बादलीत खाली केलं. आंबूस वास सुटला. मग बादलीत पडू लागली चण्याची सालं. भिजवलेल्या काळ्या चण्यांची, गुळाच्या पाण्यासकट. संपायलाच तयार नाहीत. आमच्याकडे घोडीला काळे चणे कधी घालतच नाहीत, आम्ही जव आणि चोकर, म्हणजे गव्हाचा कोंडा देतो.

डॉक्टरांनी वर पाहिलं. "ये रोज़ जितना है?"

मी दादाकडे पाहिलं. तो म्हणाला, "बाहेरून कोणीतरी दिले असतील. आज अमावस्या. लोक कुंपणावरून टाकतात, आपण कुठे कुठे बघणार?"

आणि मी विश्वास ठेवला! अजून स्वतःच्या गालात मारून घ्यावंसं वाटतं. मी त्या न पाहिलेल्या लोकांच्या नावाने शिव्या द्यायला सुरुवातही केली. तेवढ्यात फाटकाशी एक जोडपं आलं, हातात स्टीलचा डबा. बाई बिचारी अगदी अजिजीने दादाला म्हणाली, "भैया, सुबह लाइन लंबी थी, हमारा नंबर ही नहीं आया. अब खिला दें?"

लाइन! माझ्या घोडीपुढे सकाळभर लाइन लागली होती आणि तिथे माझा भाऊ लोकांना पुढे सोडत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्या बाईला काही बोलले नाही, तिचा काय दोष? ते जोडपं डबा घेऊन परत गेलं. दादा जमिनीकडे बघत म्हणाला, "सकाळी आठपासून. बाराएकपर्यंत." डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "और आपने इसको सड़क पर चलाया?" असं त्यांनी मला विचारलं. मला! दाणा जास्त झालेल्या घोड्याला चालवायचं नसतं, त्याचे खूर आतून पेटतात, प्रत्येक पावलाला ते आतल्या आत फाटत असतात. ते करायला मला लावलं. माझ्याच हातांनी.

मग धावपळ. सुई, नळीतून तेल, समोरचं गवत काढून घेतलं. खुरांना बर्फ हवा म्हणून छापखानेवाल्यांनी कापड धुवायच्या दोन नांदी उचलून आणल्या, लस्सीवाल्याकडून बर्फाच्या लाद्या आल्या, आणि घोडीचे पुढचे पाय आम्ही त्यात उभे केले. नांदीत जुना रंग राहिला होता, पाणी लालभडक झालं. घोडी शहाण्यासारखी उभी राहिली. दादा लाद्या फोडत होता, मी त्याच्याकडे बघत नव्हते.

घोडी वाचली. पोट दुसऱ्या दिवशी मोकळं झालं, मी ती लीद बघून तिथेच देवाला नमस्कार केला. पण पाय गेले. पुढचे दोन्ही खूर तापले आणि ती टाचांवर भार टाकून, पुढचे पाय पुढे ताणून, मागे रेलून उभी राहू लागली. गरम तव्यावर उभं केल्यासारखी. डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "दोपहर से बर्फ में होती तो पैर शायद बच जाते, दीदी." आता मऊ मातीवर ठेवा, जितकी कमी उठेल तितकं बरं. एकेक पाऊल महागाचं.

दादाला मी विचारलं, का रे? तर त्याच्या मुलीचं लग्न जमत नव्हतं. कुणी ज्योतिषी म्हणाला, काळ्या घोडीला शनी अमावस्येला काळे चणे, आणि जितके हात तितकं पुण्य. म्हणून याने अख्खी कॉलनी बोलावली. मी इंदूरला गेल्याचा मुहूर्त बघून.

"अरे, मला सांगायचं होतंस! मी स्वतः उभी राहिले असते, प्रत्येकाला एकेक दाणा द्यायला लावला असता. माझी भाची नाही का ती?"

तो वाकून हाताने माती सारखी करू लागला.

"बरं, ते नाही सांगितलंस. डॉक्टरने फोनवर विचारलं तेव्हा?"

"तू घर डोक्यावर घेतलं असतंस."

"घेतलं असतं! तुझ्या चौदा पिढ्या उद्धरल्या असत्या, माझ्याही त्याच आहेत हे विसरून. पण पाय राहिले असते ना! माझ्या तोंडाच्या भीतीने तू तिचे पाय घालवलेस? तू? मला शिकवणारा तू?"

कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते ऐकलं होतं. पण खाऊन झाल्यावर शेताच्या मालकिणीबरोबर चोर शोधत हिंडणारं कुंपण मी पहिल्यांदा पाहिलं.

तो रोज येत राहिला. मी बोलत नव्हते, तरी यायचा, माती चाळायचा, पाणी भरायचा. पण त्याची स्कूटर वळणावर वाजली की आडवी पडलेली घोडी कान टवकारायची. मग धडपडत उठायची. मी "बस, बस गं" म्हणून तिच्या मानेवर ओणवी व्हायची, तरी उठायची, आणि त्या पायांवर थरथरत, थांबत, पत्र्याखालून फाटकापर्यंत जायची. त्याने आत हात घातला की त्याचा रिकामा तळहात चाटत राहायची.

एक दिवस मी फाटक उघडलंच नाही. आतूनच म्हणाले, "दादा, तू आता येऊ नकोस. तू आलास की ती चालते."

मला वाटलं होतं, हे सांगताना मी रडेन. मी नाही रडले. तो फाटकाला धरून रडत होता, आणि घोडी त्याच्याकडे निघालीच होती.