देवलधारच्या झऱ्यावरची बाई

हमरापूरचा पोपट साठ सालापासून पंधरा वर्षं हिमालयात, रस्ता बांधणाऱ्या टोळीचा स्वयंपाकी होता. गणपतीला तेवढा घरी यायचा. आला की तोंडात एकच गाव, कुमाऊंतलं देवलधार. बाजार म्हणजे सहा दुकानं, वर घंटांचं देऊळ, पलीकडच्या डोंगराच्या सोंडेवर सिलोटी गाव, खाली भनार गाव, आणि भनारच्या वाटेवर दगडी छपराचा झरा. झऱ्याशी पोचला की पोपटचा आवाज मऊ व्हायचा.

आता आवाज मऊ झाल्यावर माणसानं काय समजायचं? मी त्याचा शेजारी. पारावर एवढंच म्हणालो, "झऱ्यावर कोणीतरी पाणी भरत असणार." आठवड्यात ती बातमी खांब गावापर्यंत गेली आणि येताना दोन पोरं कडेवर घेऊन आली!

पोपटच्या बायकोच्या, मालूच्या कानावर ती पडायचीच. डावखुरी मालू कारखान्यात गणपतीचे डोळे आखायची. हात कधी हलला नव्हता. त्या दिवशी तिनं ओळीनं तीन मूर्तींचे डोळे पुसले. पोपट कायमचा घरी येऊन महिना झाला होता. संध्याकाळी तिनं सरळच विचारलं, "झऱ्यावर कोण होती?"

पोपट मनातलं बोलण्यात कच्चा. उरलेली शाडू घेऊन तो कोपऱ्यात बसला. चार दिवसांत फळीवर देवलधार उभं राहिलं. देऊळ, बाजार, सिलोटी, भनार, खडूच्या भुकटीचं बर्फ. घरांना मात्र आपली मंगलोरी कौलं. हात हमरापूरचाच ना! शेवटी त्यानं झऱ्यापाशी एक बाई ठेवली.

बघायला मीही गेलो होतो. हातातला चहा सांभाळत पुढं सरकलो. मालू आधीच वाकली होती. बाईला नऊवारी. हंडा डाव्या हातात.

"ही तिकडची नाय," मालू म्हणाली.

"नाय गो. पाण्याला मी एकटाच जायचो. तवा मनात तुला तिथं उभी करायचो. दिवसभराचं सगलं सांगायचं, मग हंडा उचलायचा." त्यानं माझ्याकडं पाहिलं. "आनि लोकांना काय काय दिसतं!"

मी बशीत तोंड घातलं.

"डोळं नाय काढलंत तिचं," मालू हळूच म्हणाली.

"ते तुझं काम."

मालूनं बारीक कुंचला घेतला. हात हलला नाही. डोळे झाले तरी ती उठेना. कुंचला लाल रंगात बुडवून तिनं बाईच्या गळ्यापासून गुडघ्यापर्यंत जाडजूड शाल रंगवली.

"पंधरा वर्सं बर्फात अशीच उभी केलीत व्हय मला?"